उपासक की गिऱ्हाईक?

डिसेंबर महिना लागला की भुसावळ-जळगावच्या बाजारपेठांत चांदण्या, लाल टोप्या आणि सजवलेले केक दिसू लागतात. त्यांचे गिऱ्हाईक केवळ ख्रिस्ती नसते. किंबहुना बहुतांशी ते ख्रिस्ती नसतेच. दिवाळीची विक्री ओसरल्यानंतर नव्या वर्षापर्यंतची पोकळी भरून काढणारा एक सण म्हणून बाजाराने नाताळला आपल्या पंचांगात जागा दिली आहे. व्यापाराच्या दृष्टीने यात गैर काही नाही. परंतु ज्या समाजाच्या नावाने हा सण चालतो, त्या समाजाच्या उपासनेत आणि परस्परसंबंधांत याच बाजाराने कोणता बदल घडवून आणला आहे, हा प्रश्न निराळा आहे. त्याला मंडळ्यांचे पाळक आणि धर्मगुरू कसे तोंड देत आहेत, हे पाहणे ख्रिस्तेतरांनाही उद्बोधक ठरेल. कारण गणेशोत्सव, सप्ताह आणि उरूस यांपुढेही तोच प्रश्न थोड्याफार फरकाने उभा आहे.

मुंबई-वसईच्या दाट ख्रिस्ती वस्तीपेक्षा वरणगाव-भुसावळसारख्या पट्ट्यात या प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट दिसते. २०११च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही थोडी कमी होती. खानदेशात नवापूर-नंदुरबारकडील आदिवासी भाग सोडला तर ख्रिस्ती वस्ती विरळ आहे. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या भागात अलायन्स मिशनने जुन्या काळी मंडळ्या उभ्या केल्या. कॅथोलिकांसाठी हा प्रदेश १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतो. पुढे भुसावळच्या रेल्वेने, दीपनगरच्या वीज केंद्राने आणि १९६४ साली वरणगावला उभ्या राहिलेल्या आयुधनिर्माणीने नोकरीच्या निमित्ताने ठिकठिकाणची माणसे येथे आणली. काडतुसे तयार करणाऱ्या त्या कारखान्याच्या वसाहतीत भाषा अनेक, जाती अनेक, धर्मही अनेक. अशा ठिकाणची उपासनामंडळी लहान असते. पाचपन्नास कुटुंबांच्या पलीकडे ती सहसा जात नाही.

या लहानपणातच तिचे मोल आहे, हे अर्थशास्त्राचा जनक म्हणवणाऱ्या ॲडम स्मिथने फार पूर्वी ओळखले होते. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रमुख ग्रंथाच्या पाचव्या भागात तो दाखवून देतो की, खेड्यातल्या सामान्य माणसाच्या वर्तनाकडे चार लोकांचे लक्ष असते. तोच माणूस मोठ्या शहरात आला की त्याची दखल घेणारे कोणी उरत नाही. एखाद्या लहान धर्मपंथाचा सभासद झाल्यावर मात्र त्याला पुन्हा नाव आणि पत प्राप्त होते. बदलीच्या नोकरीत आयुष्य घालवणाऱ्या कामगाराला वसाहतीतली छोटी मंडळी नेमके हेच देते. तो आजारी पडला तर कोणी विचारपूस करते, मुलीचे लग्न ठरले तर मांडवात उभे राहणारे हात मिळतात, आणि अंतकाळी दफनाची व्यवस्था होते. हे सर्व बाजारात विकत मिळत नाही. म्हणूनच बाजाराच्या रीतीने मंडळीचे काय होते, ही केवळ उपदेशाची बाब राहत नाही.

उपभोग आणि प्रतिष्ठा

येथे एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. उपभोग वाढणे हे पाप नव्हे. २०२२-२३च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीनुसार देशातील ग्रामीण कुटुंबांच्या खर्चात अन्नाचा वाटा ४६ टक्क्यांच्या आसपास होता. १९९९-२००० साली तो ५९ टक्क्यांच्या घरात होता. पोट भरून काही शिल्लक राहू लागले, असा याचा सरळ अर्थ आहे, आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे.

दुसरे असे की, महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग ज्या दलित व आदिवासी पूर्वजांचा वारसा सांगतो, त्यांना चांगले वस्त्र आणि दागिना हा केवळ परवडत नव्हता असे नाही; अनेक ठिकाणी तो वापरण्याची त्यांना मुभाच नव्हती. १९२७ साली महाडला स्त्रियांपुढे बोलताना डॉ. आंबेडकरांनी अंगावर वागवलेल्या हीनतेच्या खुणा टाकून देण्याचा आणि नीटनेटका पोशाख करण्याचा आग्रह धरला होता, त्यामागे हीच जाणीव होती. ज्याच्या आजोबांना नवे धोतर नेसण्याची चोरी होती, त्याने नाताळच्या उपासनेला नवा कोट घालून यावे, यात उधळेपणापेक्षा स्वाभिमानच अधिक आहे. व्यासपीठावरून साधेपणाचा सरसकट उपदेश करणाऱ्यांना या इतिहासाचा अनेकदा विसर पडतो.

तथापि प्रतिष्ठेचा खर्च एका मर्यादेनंतर आपले रूप पालटतो. थॉर्स्टीन व्हेब्लेनने १८९९ साली दिखाऊ उपभोगाची जी मीमांसा केली, तिचे सार असे की, असा खर्च वस्तूच्या उपयोगासाठी होत नाही, इतरांच्या मनावर छाप पाडण्यासाठी होतो. आणि इतरांनीही तोच खर्च केला की छाप पुसली जाते व पुढची पायरी चढावी लागते. घरी केलेल्या करंज्या-लाडवांच्या जागी बेकरीचा केक, केकबरोबर भेटवस्तू, भेटवस्तूंबरोबर सभागृह आणि ध्वनिवर्धक अशी ही चढण आहे. कायम नोकरीतल्या कुटुंबाला ती जड जात नाही. त्याच मंडळीतला कंत्राटी कामगार, शेतमजूर किंवा घरकाम करणारी विधवा मात्र एके वर्षी नव्या कपड्यांअभावी उपासनेला येत नाही, दुसऱ्या वर्षी वर्गणी देता न आल्याने सहभोजन टाळते, आणि तिसऱ्या वर्षी तिची अनुपस्थिती कोणाच्या लक्षातही येत नाही. दारावर पाटी कोणी लावलेली नसते, पण आत येण्याची किंमत ठरून गेलेली असते.

बाहेर पडणे आणि बोलणे

याहूनही खोलवरचा बदल सभासदाच्या मनोवृत्तीत झालेला आहे. अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक साधा परंतु मार्मिक भेद मांडला. एखाद्या संस्थेचा दर्जा घसरला की तिच्याशी संबंधित माणसापुढे दोन मार्ग असतात: तिच्यातून बाहेर पडणे किंवा तिच्यात राहून बोलणे. बाहेर पडणे हे गिऱ्हाइकाचे हत्यार आहे. बोलणे हे सभासदाचे. हिर्शमनचा इशारा असा की, बाहेर पडणे फार सोपे झाले म्हणजे दर्जाची ज्यांना सर्वाधिक चाड असते तेच आधी निघून जातात, आणि संस्था आपले उत्तम टीकाकार गमावून बसते. शिक्षकवर्गाला याचा दाखला दूर शोधावा लागणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून जागरूक पालकांनी आपली मुले काढून इंग्रजी माध्यमात घातली, तेव्हा त्या शाळेसाठी भांडणारे पालकही त्यांच्याबरोबरच गेले.

उपासनेच्या बाबतीत हे बाहेर पडणे पूर्वी अवघड होते. पन्नास कुटुंबांच्या मंडळीत उपदेश कंटाळवाणा वाटला तर पाळकाला सांगावे लागे, पंचांच्या सभेत विषय काढावा लागे, प्रसंगी भांडावेही लागे. उपग्रह वाहिन्यांनी १९९० नंतर पहिला पर्याय दिला. भ्रमणध्वनीने तो प्रत्येकाच्या खिशात ठेवला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा खुली झाली. त्या काळात पडद्यावरची उपासना हा अनेकांचा एकमेव आधार होता, आणि ज्या पाळकांनी ती सोय केली त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु दारे उघडल्यानंतरही सवय मागे राहिली. हैदराबाद, चेन्नई किंवा अमेरिकेतील वक्त्याचा सफाईदार उपदेश, वाद्यवृंदाची साथ, आणि आवडले नाही तर बोटाच्या एका स्पर्शात दुसरा वक्ता. गावच्या पाळकाची या सामग्रीशी तुलना होते आणि ती त्याच्यावर अन्याय करणारी असते.

याचा हिशेब पैशांतही मांडता येतो. समजा, चाळीस कुटुंबांच्या मंडळीतील दहा कुटुंबांनी आपला दशांश दूरच्या वक्त्याच्या खात्यावर पाठवण्यास सुरुवात केली. पाळकाचे मानधन, मंदिराची डागडुजी, दफनभूमीची निगा हे खर्च मात्र होते तेवढेच राहतात. उरलेल्या तीस कुटुंबांवरचा भार एक-तृतीयांशाने वाढतो आणि त्यांतील काहींना तोही पेलवत नाही. उलट, त्या दहा कुटुंबांत मृत्यू ओढवला तर खांदा द्यायला दूरचा वक्ता येत नाही. ती जबाबदारी गावच्याच मंडळीवर पडते. लाभ एकाकडे आणि भार दुसऱ्याकडे, अशी ही व्यवस्था आहे. ती फार काळ टिकत नाही.

यातच समृद्धीच्या सुवार्तेची भर पडते. देवाच्या कार्यासाठी दिलेले दान हे पेरलेले बी असून त्याचे पीक धन आणि आरोग्य या रूपाने हमखास मिळते, अशी ही शिकवण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत फोफावली आणि आता जगभर पसरली आहे. बी पेरले म्हणजे पीक येतेच, असे खानदेशातला कापूस पिकवणारा शेतकरी कधीही म्हणणार नाही. पाऊस, बोंडअळी आणि बाजारभाव यांचा त्याला पुरता अनुभव आहे. या शिकवणीचा क्रूरपणा असा की, फळ मिळाले नाही तर दोष देणाऱ्याच्या अपुऱ्या विश्वासाला दिला जातो. दुकानदाराने माल खराब दिला तर ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. येथे तीही सोय नाही.

निषेध आणि अनुकरण

या परिस्थितीला धर्मनेतृत्वाने दिलेले प्रतिसाद ढोबळमानाने दोन प्रकारचे आहेत. पहिला निषेधाचा. १९७४ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे जमलेल्या इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी आपल्या करारनाम्यात साध्या राहणीचा पुरस्कार केला. त्याच चळवळीने २०१० साली केप टाऊन येथे समृद्धीच्या सुवार्तेला स्पष्ट नकार दिला. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली पैशाच्या नव्या मूर्तिपूजेवर आणि २०१५ साली निसर्गाची हानी करणाऱ्या उपभोगवादावर कोरडे ओढले. मिस्सेला किंमत नसते, हेही त्यांनी २०१८ साली भाविकांना बजावले. या भूमिका योग्यच आहेत. परंतु निषेधाचा रोख बहुधा व्यक्तीच्या लोभाकडे असतो. लग्नात उधळपट्टी करू नका, असे पाळकाने सांगितले की प्रत्येकाला ते पटते आणि प्रत्येकजण शेजाऱ्याने सुरुवात करण्याची वाट पाहत राहतो. एकट्याने खर्च कमी केला तर तो साधा ठरत नाही, कंजूष किंवा नादार ठरतो. जो पेच सर्वांनी मिळून निर्माण केला आहे तो एकेकट्याच्या सद्सद्विवेकाला साद घालून सुटत नाही.

दुसरा प्रतिसाद अनुकरणाचा. तरुण मंडळी पडद्याकडे वळतात, तेव्हा मंदिरातच पडदा, रंगीत दिवे आणि वाद्यमेळ आणावा, असे काहींना वाटते. या प्रयत्नाला नाके मुरडण्याचे कारण नाही. लोकांना प्रिय असलेल्या रूपातून उपासना करणे ही मराठी ख्रिस्ती परंपरेची जुनीच रीत आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर परदेशी चालींच्या गीतांनी भरलेल्या उपासनेत अभंग, भजन आणि कीर्तन यांना मानाचे स्थान मिळवून दिले. तेव्हाही तो नवा प्रकार अनेकांना रुचला नव्हता.

मग कीर्तन आणि रंगीत व्यासपीठ यांत फरक कोणता? एक कसोटी सहभागाची. भजनाला टाळ आणि कंठ पुरतात. ध्रुपद सर्वांना म्हणावे लागते आणि बेसूर गळ्यालाही त्यात जागा असते. व्यासपीठावरच्या वाद्यमेळात पाचजण गातात आणि बाकीचे पाहतात. दुसरी कसोटी खर्चाची. टाळ-मृदंगासाठी कर्ज काढावे लागत नाही; ध्वनियंत्रणेसाठी मोठा देणगीदार लागतो, आणि देणगीदाराचा शब्द मग पंचांच्या सभेतही वजनदार ठरतो. तिसरी कसोटी परावलंबनाची, आणि तिचेही उत्तर टिळकांच्या चरित्रात आहे. १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंनाही त्यात प्रवेश होता. १९१९ साली त्यांचे निधन झाल्याने तो प्रयोग फार पुढे गेला नाही. परंतु आपल्या उपासनेचा भार आपणच उचलला तरच ती आपली होते, हा त्यामागील विचार आजही तितकाच खरा आहे. तेव्हाचे अवलंबन परदेशी मिशनवर होते. आजचे पडद्यावर आहे, इतकाच फरक.

तिसरा मार्ग

निषेध आणि अनुकरण यांपलीकडचा मार्ग नवा नाही. करिंथ हे पहिल्या शतकातले गजबजलेले व्यापारी बंदर होते आणि तेथील मंडळीत श्रीमंत-गरिबांचे मिश्रण होते. सहभोजनाच्या वेळी सुखवस्तू लोक आपापले अन्न आधीच खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत, अशी तक्रार पौलाच्या कानांवर गेली. उशिरा येणारे हे बहुधा गुलाम आणि मजूर असावेत, असा अनेक अभ्यासकांचा तर्क आहे. पौलाने भोजन बंद केले नाही, की त्याचा थाट वाढवण्याचे सुचवले नाही. सर्वजण जमेपर्यंत थांबावे, असा अगदी व्यवहारी नियम त्याने घालून दिला. ज्याला उशीर होतो त्याच्या सोयीने सर्वांची वेळ ठरावी, हे त्या नियमाचे मर्म आहे.

आजच्या छोट्या मंडळीला हे तत्त्व अनेक प्रकारे लागू करता येईल. लग्न, बाप्तिस्मा आणि नाताळ यांच्या खर्चाची मर्यादा व्यक्तीच्या मर्जीवर न सोडता सर्वसाधारण सभेत ठरावी आणि ती प्रथम पंचांनी व सधन कुटुंबांनी पाळावी. नियम सर्वांचा झाला की साधेपणामुळे कोणाची पत जात नाही. नाताळचे जेवण वैयक्तिक डब्यांचे किंवा ठरावीक वर्गणीचे न ठेवता एका चुलीवरचे असावे. पैसा नसेल त्याने धान्य द्यावे, धान्य नसेल त्याने भाकरी थापाव्यात. मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रियांनी १९१० साली रोजच्या स्वयंपाकातून मूठभर तांदूळ बाजूला काढण्यास सुरुवात केली. त्या मुठीतून तेथील मंडळीचे मोठे काम उभे राहिले, आणि गरीब घरही देणाऱ्यांच्या पंक्तीत बसले. मराठी मंडळ्यांतील कापणीच्या सणाला शेतमालाचा लिलाव होतो, त्यातही हेच बीज आहे. केळीच्या घडावर चढाओढीने बोली लागते तेव्हा थोडी प्रौढी मिरवली जाते हे खरे. पण तो पैसा गावातच राहतो आणि त्याचा विनियोग सर्वांना विचारता येतो.

विचारता येणे हा यातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. जमाखर्च दरमहा उपासनेनंतर वाचून दाखवला जावा. पाळकाच्या मानधनापासून दफननिधीपर्यंत प्रत्येक बाबीवर कोणालाही प्रश्न करता यावा. ज्याला बोलण्याची संधी मिळते तो निघून जाण्यापूर्वी विचार करतो. तरुणांनाही केवळ श्रोते म्हणून बसवून ठेवण्याऐवजी आजाऱ्यांच्या भेटी, मुलांची शिकवणी, हिशेब तपासणी अशी खरी कामे सोपवली पाहिजेत. दूरचा वक्ता त्यांना अधिक चांगले भाषण देऊ शकेल, पण काम देऊ शकणार नाही.

या मार्गातही धोका आहे. लहान पंथांची शिस्त अनेकदा नको इतकी कठोर आणि माणूसघाणी होते, असे खुद्द स्मिथने नमूद केले आहे. खर्चाची मर्यादा ठरवणारे पंच उद्या कोणाच्या घरात कोणता दूरदर्शन संच आहे याची चौकशी करू लागतील, किंवा आपल्या विरोधकाला नियमाच्या आडून छळतील. म्हणून नियम थोडे असावेत, ते केवळ सामायिक प्रसंगांपुरते असावेत आणि बदलण्याची सोय असावी. घराच्या उंबरठ्याच्या आत मंडळीची सत्ता चालू नये. पाळकाचे स्थानही जपले पाहिजे. तो मोठ्या देणगीदाराच्या मेहरबानीवर जगत असेल तर श्रीमंताला नियम सांगण्याचे बळ त्याच्यात कोठून यावे? त्याचे मानधन अनेकांच्या लहान लहान हिश्श्यांतून उभे राहणे, हे त्याच्या निर्भय वाणीसाठीही आवश्यक आहे.

ग्राहकसंस्कृतीशी स्पर्धा करून मंडळी जिंकणार नाही. बाजाराचा माल बाजारच अधिक चांगला विकतो. जे तो विकू शकत नाही ते सांभाळण्यात मंडळीचे सामर्थ्य आहे. कारखान्याची पाळी संपवून थकून आलेल्या कामगारासाठी उपासनेची वेळ अर्धा तास पुढे ढकलली जाते की नाही, आणि मागल्या दोन रविवारी न दिसलेल्या विधवेच्या घरी कोणी जाऊन येते की नाही, यावरून वरणगावसारख्या ठिकाणची मंडळी जिवंत आहे की नाही हे ठरेल. बाजारात दुकान बंद झाले तर गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जाते. मंडळी बंद पडली तर त्या विधवेला जाण्यासाठी दुसरे दार नाही.